जादूनगरीची नाणी

मुलांनो, आई तुम्हाला कधीतरी दुकानात पाठवते ना? "पाव घेऊन ये आणि उरलेले पैसे नीट मोजून आण," असे ती बजावते. तुम्ही दुकानदाराला शंभर रुपयांची नोट देता. तो पाव देतो आणि उरलेले पैसे परत करतो. तुम्ही ते मोजता, खिशात घालता आणि घरी येता.

किती साधी गोष्ट! पण जरा विचार करा. नोट म्हणजे रंगीत कागदाचा एक तुकडा. ती खाता येत नाही, अंगावर पांघरता येत नाही. मग तिच्या बदल्यात दुकानदार आपल्याला गरम गरम पाव का बरे देतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आज आपण एका नवलाच्या जगात जाऊ. हे जग नकाशावर सापडणार नाही. तेथे जहाजाने जाता येत नाही आणि विमानानेही जाता येत नाही. ते फक्त पुस्तकात आहे.

ब्रिटनमधील लेखिका जे. के. रोलिंग यांनी हॅरी पॉटर नावाच्या मुलाच्या गोष्टी लिहिल्या. पहिले पुस्तक १९९७ मध्ये निघाले आणि सातवे, म्हणजे शेवटचे, २००७ मध्ये. तुमच्यापैकी काहींनी ही पुस्तके वाचली असतील, काहींनी चित्रपट पाहिले असतील. ज्यांनी काहीच वाचले किंवा पाहिले नाही, त्यांनीही काळजी करू नये. आपल्याला आज जादू शिकायची नाही. आपल्याला जादूगारांच्या पैशांचा हिशेब पाहायचा आहे.

हॅरी हा पोरका मुलगा. तो मावशीच्या घरी वाढला. मावसभावाचे जुने, ढगळ कपडे त्याला घालावे लागत. अकराव्या वाढदिवशी त्याला कळले, की आपण जादूगार आहोत आणि जादूच्या शाळेत आपले नाव घातलेले आहे. शाळेच्या खरेदीसाठी त्याला न्यायला हॅग्रिड नावाचा धिप्पाड माणूस आला. पण हॅरीला चिंता पडली. त्याच्या खिशात एक पैसाही नव्हता. पुस्तके, गणवेश, जादूची छडी हे सारे घ्यायचे कशाने?

हॅग्रिडने त्याला धीर दिला. हॅरीच्या आईवडिलांनी त्याच्यासाठी पैसे मागे ठेवले होते. ते ग्रिंगॉट्स नावाच्या बँकेत सुरक्षित होते. ही बँक गॉब्लिन चालवतात. गॉब्लिन म्हणजे बुटके, हुशार आणि हिशेबाला अगदी पक्के असे प्राणी. बँकेच्या तिजोऱ्या लंडन शहराच्या खाली, जमिनीत खूप खोल आहेत. रुळांवरून धावणाऱ्या लहानशा गाडीत बसून तेथे जावे लागते. हॅरीची तिजोरी उघडली, तेव्हा आत सोन्याच्या नाण्यांचे ढीग होते. चांदीच्या नाण्यांच्या चळती होत्या. शिवाय काशाची लहान नाणीही रास घालून ठेवली होती.

हॅरी पाहतच राहिला. पण यातले कोणते नाणे किती किमतीचे, हे त्याला कुठे ठाऊक होते? मग हॅग्रिडने समजावून सांगितले. सोन्याच्या नाण्याला गॅलियन म्हणतात. चांदीच्या नाण्याला सिकल म्हणतात. काशाच्या नाण्याला क्नट म्हणतात. २९ क्नटांचा एक सिकल होतो आणि १७ सिकलांचा एक गॅलियन होतो.

हे सगळे अगदी सोपे आहे, असेही हॅग्रिडने वर सांगितले!

खरोखरच सोपे आहे का? चला, वही आणि पेन्सिल घ्या. एका गॅलियनचे क्नट किती होतील? १७ ला २९ ने गुणा. उत्तर येते ४९३. म्हणजे ४९३ क्नट मोजाल, तेव्हा एक गॅलियन होईल.

आता हॅरीबरोबर आगगाडीत बसू. शाळेला जाताना गाडीत खाऊची ढकलगाडी घेऊन एक बाई येतात. हॅरी भरपूर खाऊ घेतो. त्याचे पैसे होतात ११ सिकल आणि ७ क्नट. समजा, त्याने एक गॅलियन पुढे केला. त्याला परत किती मिळतील?

एका गॅलियनचे १७ सिकल. त्यातून ११ सिकल वजा केले, की ६ सिकल उरतात. पण अजून ७ क्नट द्यायचे आहेत. म्हणून ६ पैकी एक सिकल मोडावा लागेल. त्याचे २९ क्नट. त्यातून ७ गेले, २२ उरले. म्हणजे परत मिळायचे ५ सिकल आणि २२ क्नट. दमलात ना? त्या बाईंना गाडीतल्या प्रत्येक मुलासाठी असाच हिशेब करावा लागत असेल!

आता आणखी एक गंमत पाहा. तुम्ही आणि तुमची बहीण, दोघांत मिळून एक सिकल मिळाला. तो सारखा वाटून घ्यायचा आहे. २९ क्नटांचे दोन सारखे भाग करा बरे. प्रत्येकाला १४ मिळतात आणि एक क्नट उरतो. तो कोणी घ्यायचा? येथेच भांडण सुरू! तिघांत वाटला, तर प्रत्येकी ९ मिळून २ उरतात. चौघांत वाटला, तर प्रत्येकी ७ मिळून १ उरतो. पाच जणांत वाटला, तर ४ उरतात. असे का होते? कारण २९ या संख्येला एक आणि स्वतः ती संख्या यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. १७ हीसुद्धा मूळ संख्याच आहे. म्हणजे अर्धा गॅलियन सिकलांत देता येत नाही आणि अर्धा सिकल क्नटांत देता येत नाही.

तुम्ही म्हणाल, "असले विचित्र पैसे फक्त गोष्टीतच असायचे!" पण थांबा. लेखिकेच्या देशातले जुने पैसेही ऐकायला असेच अवघड होते. ब्रिटनमध्ये १२ पेन्सचा एक शिलिंग होता आणि २० शिलिंगांचा एक पौंड होता. म्हणजे एका पौंडाचे २४० पेन्स. १५ फेब्रुवारी १९७१ या दिवशी ही पद्धत बदलली. तेव्हापासून तेथे १०० पेन्सचा एक पौंड झाला.

आणि आपले पणजोबा ज्या देशातून आले, त्या भारतातला जुना हिशेब कसा होता? ३ पैंचा एक पैसा, ४ पैशांचा एक आणा आणि १६ आण्यांचा एक रुपया. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै! अर्ध्या रुपयाच्या, म्हणजे आठ आण्यांच्या नाण्याला मराठीत अधेली म्हणत. चार आण्यांची पावली आणि दोन आण्यांची चवली. ही नाणी आता व्यवहारात नाहीत. पण आपल्या भाषेने ती जपून ठेवली आहेत. एखादी गोष्ट पूर्ण खरी असेल, तर "सोळा आणे खरी" असे आपण म्हणतो. काटकसर करून पैसे साठवणाऱ्याला "त्याने पै पै जोडली" असे म्हणतो. तुमची आजी असे काही बोलते का, कान देऊन ऐका.

पण जुने लोक काही वेडे नव्हते. १२ आणि १६ या संख्या त्यांनी विचार करूनच ठेवल्या होत्या. १२ पेन्स दोघांत वाटा, तिघांत वाटा, चौघांत वाटा किंवा सहा जणांत वाटा. काहीही उरत नाही. १६ आण्यांचे अर्धे ८, त्याचे अर्धे ४, त्याचे अर्धे २ आणि त्याचेही अर्धे १. ज्याला लिहितावाचता येत नव्हते, तोसुद्धा बाजारात अर्धे-अर्धे करून बिनचूक हिशेब करी. तेव्हा जुने पैसे मोजायला अवघड, पण वाटायला सोपे होते. जादूगारांचे पैसे मात्र मोजायलाही अवघड आणि वाटायलाही अवघड! लेखिकेने ही गंमतच केली आहे.

आज बहुतेक देशांत शंभराचा हिशेब चालतो. त्याला दशमान पद्धत म्हणतात. १०० पेन्सचा पौंड, १०० पैशांचा रुपया, १०० सेंटचा रुपया. हा हिशेब दहा बोटांच्या माणसाला फार सोयीचा आहे.

भारतात ही पद्धत १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली. तेव्हा लोकांची थोडी पंचाईत झाली. चार आण्यांचे बरोबर पंचवीस नवे पैसे झाले. पण एका आण्याचे किती? सव्वासहा! पाव पैशाचे नाणे तर नव्हते. मग तो पाव पैसा ग्राहकाने सोडायचा की दुकानदाराने? रकमेला पाव पैसा म्हणजे काहीच नाही. पण ज्याच्याजवळ मोजकेच पैसे असतात, तो पाव पैसाही मोजतो.

आता सांगा, मॉरिशसमध्ये शंभराचा हिशेब केव्हा सुरू झाला? भारताच्या नंतर? ब्रिटनच्या नंतर? नाही. मॉरिशसने या दोघांच्याही कितीतरी आधी, १८७७ मध्ये, १०० सेंटचा रुपया सुरू केला. आपल्या लहानशा बेटाने हे काम ऐंशी वर्षे आधी केले!

आणि या पैशाला 'रुपया' हेच नाव का मिळाले असेल? १८३४ पासून भारतातील मजूर उसाच्या शेतांवर काम करण्यासाठी मोठ्या संख्येने येथे येऊ लागले. पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटावर ते उतरत. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. भारतातून माणसे आली आणि त्यांच्याबरोबर भारताचे रुपयेही आले. येथे त्या वेळी पौंड आणि डॉलरही चालत. पण व्यवहारात भारतीय रुपये इतके वाढले, की सरकारने बेटाच्या स्वतःच्या पैशालाही रुपया हेच नाव दिले. तुमच्या खिशातल्या नाण्यावरचे 'रुपया' हे नाव समुद्र ओलांडून आपल्या पूर्वजांबरोबर आले आहे.

आज मात्र भारताचा रुपया आणि मॉरिशसचा रुपया यांची किंमत सारखी नाही. नाव एकच असले, तरी ते दोन वेगळ्या देशांचे पैसे आहेत. म्हणून भारतातून पाहुणे आले, की ते बँकेत जाऊन पैसे बदलून घेतात. जादूच्या गोष्टीतही असेच आहे. हॅरीची मैत्रीण हर्मायनी हिचे आईवडील जादूगार नाहीत. ते साधे दातांचे डॉक्टर आहेत. मुलीची खरेदी करताना ते ग्रिंगॉट्समध्ये जातात आणि आपले पौंड देऊन जादूगारांची नाणी घेतात.

परक्या देशाचे पैसे पाहून गोंधळ होणे अगदी साहजिक आहे. हॅरीला नाताळात मावशीच्या घरून भेट म्हणून पन्नास पेन्सचे एक नाणे आले. त्याचा मित्र रॉन हा जादूगारांच्या घरातला. त्याने असले नाणे जन्मात पाहिले नव्हते. ते गोल नव्हते! त्याला सात बाजू होत्या. असे कुठे पैसे असतात का, म्हणून तो थक्क झाला. हॅरीने ते नाणे त्यालाच देऊन टाकले. तुम्ही आपले दहा रुपयांचे नाणे हातात घेऊन पाहा. तेही गोल नाही. त्याच्या बाजू मोजा बरे.

रॉनच्या वडिलांची तर याहून मोठी फजिती झाली. मोठा खेळाचा सामना पाहायला सगळे गेले असताना तंबूच्या जागेचे भाडे पौंडांत द्यायचे होते. त्यांना एकही नोट ओळखू येईना. तेव्हा हॅरीने हळूच त्यांना कोणती नोट किती पौंडांची, ते सांगितले. पाहा हं! पहिल्या वर्षी बँकेत हॅरी गोंधळला होता आणि हॅग्रिडने त्याला मदत केली. आता एक मोठा माणूस गोंधळला आणि हॅरीने त्याला मदत केली. नव्या माणसाला हसू नये, त्याला खरा हिशेब समजावून सांगावा. बोटीतून या बेटावर उतरलेले आपले पूर्वजही एके काळी असेच नवे होते.

आता त्याच सामन्याची पुढची गोष्ट ऐका. ही गोष्ट जरा दुःखाची आहे.

सामना पाहण्यासाठी हॅरीने जादूच्या दुर्बिणी विकत घेतल्या. एकेका दुर्बिणीची किंमत १० गॅलियन होती. एक स्वतःसाठी, एक हर्मायनीसाठी आणि एक रॉनसाठी. रॉनच्या घरी भावंडे पुष्कळ आणि पैसे थोडे. मित्राकडून एवढी महाग वस्तू घ्यायला त्याला संकोच वाटला. इतक्यात मैदानावर लेप्रेकॉन आले. लेप्रेकॉन हे आयर्लंडच्या लोककथांतले बुटके लोक. ते आयर्लंडच्या संघाबरोबर आले होते. त्यांनी आकाशातून सोन्याच्या नाण्यांचा पाऊस पाडला! सगळे लोक नाणी वेचू लागले. रॉननेही मूठभर नाणी वेचली आणि आनंदाने हॅरीच्या हातात दिली. दुर्बिणीचे पैसे फिटले!

पण काही महिन्यांनी शाळेत हॅग्रिडने एक गोष्ट सांगितली. लेप्रेकॉनचे सोने खरे नसते. काही तासांनी ते नाहीसे होते. रॉनचा चेहरा उतरला. त्याने दिलेले पैसे त्याच दिवशी नाहीसे झाले होते आणि हॅरीच्या ते लक्षातसुद्धा आले नव्हते! हॅरीचा खिसा भरलेला होता. त्यातून मूठभर नाणी गेली, तरी त्याला पत्ता लागला नाही. हेच रॉनला सर्वांत जास्त लागले.

मुलांनो, यात रॉनची चूक होती का? नाही. त्याला ती नाणी खरीच वाटली होती. त्याने मित्राला फसवले नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या एका माणसाने मात्र तसे केले.

रॉनचे जुळे भाऊ फ्रेड आणि जॉर्ज यांनी साठवलेले सगळे पैसे, म्हणजे ३७ गॅलियन, १५ सिकल आणि ३ क्नट, त्या सामन्यावर पैजेला लावले. असे करणे ही त्यांची चूकच होती. तरी ते पैज जिंकले. समोरचा माणूस बॅगमन हा मोठा सरकारी अधिकारी होता. त्याने त्यांना हसत हसत सोन्याची नाणी मोजून दिली. सकाळी पाहतात, तो नाणी गायब! ते लेप्रेकॉनचे सोने होते. मुलांना वाटले, त्याची काहीतरी चूक झाली असेल. त्यांनी त्याला पत्रे लिहिली. पण तो टाळाटाळ करत राहिला. मुलांचे मूळचे पैसेही त्याने परत केले नाहीत.

येथे आपल्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते. लेप्रेकॉनची नाणी दिसायला अगदी खरी होती. पिवळी होती, चकचकीत होती, हातात घेतल्यावर नाण्यासारखीच वाटत होती. मग त्यांत कमी काय होते? उद्या सकाळी ती असतील, असा भरवसा त्यांत नव्हता.

आणखी एक विचार करा. समजा, ते सोने नाहीसे झालेच नसते. रोज आकाशातून सोन्याच्या नाण्यांचा पाऊस पडला असता, तर सगळे श्रीमंत झाले असते का? मुळीच नाही. नाणी वाढली असती, पण पाव वाढले नसते. आज एका नाण्याला मिळणाऱ्या पावासाठी उद्या शंभर नाणी द्यावी लागली असती. समुद्रकिनाऱ्यावर वाळू पुष्कळ असते, म्हणून वाळू देऊन कोणी पाव देत नाही. म्हणूनच ज्याला वाटेल त्याने, वाटेल तितके पैसे तयार करू नयेत, असा नियम प्रत्येक देशात असतो.

मॉरिशसमध्ये नोटा आणि नाणी काढण्याचे काम बँक ऑफ मॉरिशस करते. ही बँक १९६७ मध्ये स्थापन झाली. नोट खरी आहे की खोटी, हे ओळखता यावे म्हणून तिच्यावर निरनिराळ्या खुणा असतात. कागदाची नोट उजेडासमोर धरली, की आतमध्ये डोडो पक्षी दिसतो. तो पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला, पण नोटेत राखणदार होऊन बसला आहे! प्रत्येक नोटेला स्वतःचा वेगळा क्रमांकही असतो. जादूगारांच्या गॅलियनवरही कडेला अंक कोरलेले असतात. ते नाणे कोणत्या गॉब्लिनने घडवले, हे त्यावरून कळते. म्हणजे नाणे वाईट निघाले, तर जबाबदारी कोणाची, हे त्यावरच लिहिलेले असते.

हुशार हर्मायनीने एकदा हुबेहूब गॅलियनसारखी खोटी नाणी तयार केली. पण तिने ती बाजारात खपवली नाहीत. मित्रांनी कोणत्या दिवशी जमायचे, हे गुपचूप कळवण्यासाठी तिने त्यांच्या कडेचे अंक वापरले. नाणे हातात असलेल्या प्रत्येकाला ते खोटे आहे, हे माहीत होते. म्हणून कोणी फसले नाही. तिची नाणी खोटी होती, पण तिचा व्यवहार खरा होता. बॅगमनने मात्र खोटी नाणी खरी म्हणून दिली. फरक लक्षात आला ना?

तर मुलांनो, दुकानदार कागदाच्या नोटेच्या बदल्यात पाव का देतो? कारण त्याला खात्री असते, की उद्या हीच नोट तो पीठवाल्याला देईल आणि पीठवालाही ती घेईल. पीठवाल्याला खात्री असते, की त्याचा मजूर ती घेईल. मजुराला खात्री असते, की तिच्यावर त्याच्या मुलांची पुस्तके येतील. पैसा सोन्याचा असो, चांदीचा असो की कागदाचा असो. त्याची खरी किंमत या विश्वासात असते. एकाने विश्वास मोडला, तर सर्वांचे नुकसान होते. आणि ज्याच्याजवळ थोडे असते, त्याचे नुकसान सर्वांत मोठे होते.

आता पुन्हा दुकानात जाऊ. तुम्ही पाव घेतला. दुकानात गर्दी होती. घरी येताना तुम्ही पैसे मोजले, तर दहा रुपये जास्त आले आहेत. दुकानदाराला अजून कळलेले नाही. कदाचित कधीच कळणार नाही. ते दहा रुपये लेप्रेकॉनच्या सोन्यासारखे तुमच्या मुठीत आहेत. ते आपोआप नाहीसे होणार नाहीत. पण रात्री हिशेब करताना दुकानदाराला दहा रुपये कमी भरतील.

अशा वेळी काय करायचे, हे तुम्हाला कोणत्याही जादूगाराने सांगण्याची गरज नाही. होय ना?

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जादूगारांच्या तीन नाण्यांची नावे कोणती?
(आ) एका गॅलियनचे क्नट किती होतात?
(इ) मॉरिशसमध्ये १०० सेंटचा रुपया कोणत्या वर्षी सुरू झाला?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) २९ क्नट दोघांत सारखे का वाटता येत नाहीत?
(आ) मॉरिशसच्या पैशाला रुपया हे नाव का मिळाले?
(इ) रॉनचे वागणे आणि बॅगमनचे वागणे यांत कोणता फरक आहे?

३. हिशेब करा.
(अ) जादूच्या छडीची किंमत ७ गॅलियन आहे. तिचे क्नट किती?
(आ) फ्रेड आणि जॉर्ज यांनी साठवलेल्या पैशांचे एकूण क्नट किती होतात?

४. वाक्यात उपयोग करा : सोळा आणे खरे असणे, पै पै जोडणे, चेहरा उतरणे.

५. उपक्रम
(अ) मॉरिशसची एखादी नोट पाहा. तिच्यावर देवनागरी अक्षरे कोठे आहेत, ते शोधा आणि वाचा.
(आ) तुमच्या मनातले एक बेट कल्पा. तेथील नाण्यांना नावे द्या. कोणत्या नाण्याची किती लहान नाणी होतील, ते ठरवा. ती दोघांत, तिघांत आणि चौघांत सारखी वाटता येतात का, ते पाहा. खोटे नाणे ओळखण्यासाठी त्यावर कोणती खूण ठेवाल, तेही लिहा.